आधी घास घ्या, मग मीठ सांगा

आमच्या घरी पानं घेतली की आईला एक गोष्ट अजिबात खपायची नाही. ताटं वाढून झालेली असायची, आमटीची वाफ अजून निवलेली नसायची, आणि कुणीतरी नुसतं वाटीत डोकावून म्हणायचं, "आज पातळ झालीय वाटतं." किंवा एकाने मीठ मागितलं की दुसराही लगेच हात पुढे करायचा, "मलाही दे, कमीच आहे." आई हातातली पळी पातेल्यात ठेवायची आणि शांतपणे म्हणायची, "आधी घास तर घे. मग सांग काय ते."

घास घेऊन कुणी म्हणालं की मीठ कमी आहे, तर ती वाद घालायची नाही. उठून बरणी आणायची. न खाता दिलेलं मत मात्र तिने कधीच ऐकून घेतलं नाही.

आज हे आवर्जून लिहितोय, कारण आपण सगळेच न खाता मीठ सांगायला लागलोय. सिनेमा न बघता तो कसा आहे ते सांगतो. गाणं अर्धं मिनिट ऐकून गायकाचा निकाल लावतो. दुसऱ्याच्या देवाबद्दल सहज बोलून जातो, आणि आपल्या देवाबद्दल कुणी साधा प्रश्न विचारला तर पानावरून उठतो. शेजारच्या मुलीने काय शिकावं, कुणाच्या सुनेने काय नेसावं, हेही आपल्याला ठाऊक असतं. मतांना तोटा नाही. त्यातली आपली किती आणि ऐकीव किती, हे मात्र कुणी मोजत नाही.

मतं देऊ नका, असं मला मुळीच म्हणायचं नाही. भरपूर द्या. पारावर, कट्ट्यावर, लोकलच्या डब्यात, रविवारच्या चहाबरोबर मतं नसतील तर गप्पा कसल्या? माझी विनंती एवढीच की मत स्वतःचं असू द्या. स्वतः बघून, ऐकून, जगून झालेलं.

सिनेमापासून सुरुवात करू, कारण त्याच्याबद्दल बोलायला कुणालाच परवाना लागत नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' लागला. कामाच्या ठिकाणी जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला. एक जण म्हणाले, "डुकरं पकडायचा सिनेमा पैसे देऊन काय बघायचा?" दुसरे म्हणाले, "छे, फारच भारी आहे, महोत्सवांत गाजलाय." दोघांनीही तो बघितलेला नव्हता. एकाचं मत पोस्टरवरून झालेलं, दुसऱ्याचं पेपरातल्या बातमीवरून.

त्या शनिवारी मी जाऊन आलो. त्यात एक प्रसंग आहे. सिनेमातला मुलगा जब्या आणि त्याच्या घरची माणसं शाळेजवळ डुकराच्या मागे धावून धावून दमली आहेत. डुक्कर आता हाताशी आलंय, आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. समोरून डुक्कर आरामात निघून जातं. थिएटरात आधी हसू फुटलं आणि मग ते मधेच विरलं. माझ्या शेजारी बसलेला अनोळखी माणूस खुर्चीत सावरून बसला.

सोमवारी डबा खाताना मी फक्त तेवढा प्रसंग सांगितला. सिनेमा चांगला की वाईट, यावर एक शब्द बोललो नाही. ज्यांनी नाक मुरडलं होतं त्यांचा घास हातात राहिला. म्हणाले, "मग? पुढे काय होतं?" पुढच्या आठवड्यात ते स्वतः बघून आले. शेवट त्यांना पटला नव्हता, आणि तो का पटला नाही हे ते अर्धा तास सांगत होते. तो अर्धा तास मला फार आवडला. आता त्यांच्याकडे त्यांचं मत होतं.

म्हणून माझा पहिला सल्ला असा. कुणी विचारलं, "कसा वाटला?" तर तारे देऊ नका, एक प्रसंग सांगा. जो डोळ्यांपुढून जात नाही तो, किंवा जो खोटा वाटला तो. प्रसंग सांगायचा तर सिनेमा बघावाच लागतो, आणि ऐकणाऱ्यालाही त्यावरून स्वतःचं काही ठरवता येतं. बघितला नसेल तर "नाही बघितला अजून" एवढं म्हणा. या वाक्यात कसलाही कमीपणा नाही.

गाजलेली गोष्ट आपल्याला आवडली नाही तर तेही मोकळेपणी बोला. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं आणि २०१५ मध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. माझ्या मेहुण्याने तो पूर्ण बघितला आणि म्हणाला, "कंटाळलो बुवा. कॅमेरा हलतच नाही." हे खरं मत होतं, कारण तो शेवटपर्यंत बसला होता. मग आम्ही बोलत बसलो. तारखेवर तारीख पडणाऱ्या खटल्यात अडकलेल्या माणसालाही असंच बसून राहावं लागत असेल, असं बोलता बोलता त्यालाच सुचलं. सिनेमा त्याला तरीही आवडला नाही. पण आता त्याला स्वतःचा कंटाळा कुठून आला ते कळलं होतं. पारितोषिकाच्या भीतीने त्याने "छान होता" म्हटलं असतं तर हे बोलणंच झालं नसतं.

न बघता बोलण्याची किंमत कधी कधी मोठी असते. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग पुण्यात १६ डिसेंबर १९७२ ला झाला. नाना फडणवीसांची बदनामी, ब्राह्मणांची बदनामी अशी ओरड झाली आणि १९ प्रयोगांनंतर नाटक थांबलं. तेवढ्या प्रयोगांत किती लोकांनी ते बघितलं असेल याचा हिशेब तुम्हीच करा, आणि त्यावर किती लोक बोलत होते याचाही. नाटक करणाऱ्या मंडळींनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी उभी केली आणि ते पुन्हा रंगमंचावर आणलं. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना आणि माणसांनीच उभी केलेली हलती भिंत पुढे परदेशातल्या प्रेक्षकांनीही पाहिली. बघून विरोध करणाऱ्याचा मला आदर आहे. तेंडुलकरांशी भांडायचा त्याला पूर्ण हक्क आहे. पण भांडायला जाणाऱ्याने आधी तिकीट काढावं.

आता गाण्याकडे येतो. इथे लोक उलट टोकाला जातात आणि मत द्यायलाच घाबरतात. "मला शास्त्रीय कळत नाही हो," हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. राग ओळखता येणं आणि गाणं भिडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' दर आठवड्याला लागायला लागलं. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीतं, सुधीर फडक्यांच्या चाली, आणि वर्षभर लोक रेडिओभोवती बसत होते. त्यातल्या किती जणांना कुठल्या गीताला कुठल्या रागाचा आधार आहे हे सांगता आलं असतं? गाणं तरी त्यांना भिडलंच. कानाला जे झालं ते झालं, त्याला शास्त्राची सही लागत नाही.

कानाला वेळ मात्र द्यावा लागतो, आणि हे मी स्वतःवरून सांगतो. कॉलेजात असताना एका मित्राने मला कुमार गंधर्वांची कॅसेट दिली. मला ती आवडली नाही. आवाज तुटक वाटला, मधेच सोडून दिल्यासारखा. सगळे मान डोलावतात म्हणून मीही डोलावली असती, पण मी मित्राला सरळ सांगितलं की मला हे झेपत नाही. तो रागावला नाही. म्हणाला, "ठेव आणखी महिनाभर. रात्री दिवा घालवून ऐक."

मग मी त्यांच्याबद्दल वाचलं. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा, शिवपुत्र कोमकळीमठ. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांची गायकी हुबेहूब गाऊन दाखवायचा, म्हणून त्याला 'कुमार गंधर्व' म्हणू लागले. ऐन तारुण्यात क्षयाने गाठलं, एक फुफ्फुस निकामी झालं, गाणं बंद झालं. हवा मानवेल म्हणून ते १९४८ च्या सुमाराला माळव्यातल्या देवासला जाऊन राहिले. अंथरुणावर पडल्या पडल्या बाहेरून जाणाऱ्या माणसांची माळवी लोकगीतं कानावर येत होती. काही वर्षांनी ते पुन्हा गायला बसले तेव्हा गळा त्यांचाच होता, पण कुणाचीही नक्कल त्यात उरलेली नव्हती. एका फुफ्फुसाच्या दमसासाला पेलतील असे छोटे, धारदार स्वरसमूह, आणि त्यांच्यामधली शांतता. मला जो तुटकपणा वाटला होता तो हा होता.

महिन्याभराने एका रात्री ती कॅसेट लावली आणि दोन्ही बाजू संपेपर्यंत उठलो नाही. माझं मत बदललं. ते कुणी वाद घालून बदललं नाही, परत परत ऐकल्याने बदललं. दुसऱ्यांच्या गायकीची नक्कल करूनच ज्या मुलाचं नाव झालं, त्याला पुढे स्वतःचा सूर सापडला, ही गोष्ट मतांच्या बाबतीतही मला खरी वाटते. सुरुवातीला आपण सगळेच उसन्या आवाजात बोलतो. वडिलांची मतं, शिक्षकांची मतं, आवडत्या लेखकाची मतं. त्यात वावगं काही नाही. पण चाळिशीतही तोच उसना आवाज असेल तर एकदा शांत बसून स्वतःचा शोधायला हवा.

जो न्याय कुमारांना तोच तुमच्या मुलाच्या हेडफोनमधल्या रॅपला लावा. "ही काय गाणी आहेत?" असं दारातून ओरडण्याआधी त्याच्याजवळ बसा आणि त्याला सर्वांत आवडणारं एक गाणं पूर्ण ऐका. मग सांगा आवडलं नाही म्हणून. ऐकून दिलेला नकार मुलं मनावर घेतात, दारातून फेकलेला घेत नाहीत.

इथेच एक फरक नीट ध्यानात ठेवावा असं मला वाटतं. नावड वेगळी आणि त्रास वेगळा. मिरवणुकीत वाजणारं गाणं मला आवडत नाही, ही माझी नावड झाली. त्यावरून दुसऱ्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण त्याच गाण्याने खिडक्यांची तावदानं थरथरायला लागली आणि शेजारच्या आजोबांच्या छातीत धडधडायला लागलं, तर तो त्रास झाला. त्यासाठी नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. मंडळाच्या पोरांशी बोलायला गेलात तर "तुमची गाणी भिकार आहेत" असं म्हणू नका. गाणी कुठलीही लावा, आवाज मात्र कमी करा, असं सांगा. पहिलं वाक्य भांडण लावतं. दुसऱ्यावर बोलणं होऊ शकतं. भीमसेन जोशींचा अभंग त्याच भिंतीएवढ्या स्पीकरवर मध्यरात्री लावला तरी आजोबांची छाती तशीच धडधडेल.

श्रद्धेच्या बाबतीत हा फरक आणखी जपून करावा लागतो. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. पितृपंधरवड्याचे दिवस होते. दुपारपर्यंत आमच्या तालुक्याच्या गावी बातमी येऊन थडकली की गणपती दूध पितोय. मी तेव्हा शाळेत होतो. शाळा सुटल्यावर धावत घरी आलो आणि स्टीलच्या वाटीत दूध घेऊन आईबरोबर देवळात गेलो. रांग वेशीपर्यंत पोचली होती. दोन तास उभे होतो. गाभाऱ्यात शिरलो तेव्हा पायाला चिकट लागलं. माझी पाळी आली. चमचा काठोकाठ भरून सोंडेला टेकवला, आणि दूध खरंच कमी व्हायला लागलं. अंगावर सर्रकन काटा आला. आजही तो काटा मला खोटा वाटत नाही.

आई मात्र मूर्तीच्या खाली बघत होती. दगडी पोटावरून एक बारीक पांढरा ओघळ उतरत होता आणि पुजाऱ्यांचा मुलगा दर थोड्या वेळाने तो फडक्याने टिपून घेत होता. ती काहीच बोलली नाही. घरी आल्यावर तिने खलबत्त्यातला बत्ता धुऊन पाटावर उभा केला, चमचाभर दूध घेतलं आणि चमचा त्याला टेकवला. दूध कमी व्हायला लागलं. बत्ताही दूध पीत होता. तिने मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "बघ, कुठे जातंय ते." दूध बत्त्यावरून पातळ पदरासारखं खाली उतरत होतं. दुसऱ्या दिवशीपासून पेपरांत आलं की हा पृष्ठताणाचा परिणाम, काठोकाठ भरलेलं दूध ओल्या पृष्ठभागाला टेकलं की तिकडे ओढलं जातं. दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून त्याची वाट सगळ्यांना दाखवली होती.

पण मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं. त्या संध्याकाळी आईने बत्ता जागेवर ठेवला, हात धुतले आणि रोजच्यासारखी देवापुढे सांजवात लावली. हात जोडून दोन मिनिटं उभी राहिली. मी विचारलं, "मग तू नमस्कार कशाला करतेस?" ती म्हणाली, "तो दूध पितो म्हणून मी कुठे करत होते?"

इतकं स्वच्छ उत्तर मी नंतर कुठल्या व्याख्यानातही ऐकलं नाही. दूध कुठे जातं हा तपासता येणारा प्रश्न आहे. त्यात माझं मत, तुमचं मत असं काही नसतं. चमचा घ्यायचा आणि बघायचं. देवापुढे दोन मिनिटं उभं राहिल्यावर मन निवतं का, हा ज्याचा त्याचा अनुभव आहे, तिथे दुसऱ्याने बोट घालू नये. आपली बहुतेक भांडणं या दोन गोष्टींची गल्लत केल्याने होतात. एक जण तपासता येणाऱ्या गोष्टीला श्रद्धा म्हणून झाकतो. दुसरा समोरच्याच्या मनाच्या आधारालाच अडाणीपणा म्हणून झोडतो.

आणि श्रद्धेच्या नावाखाली कुणाचं शोषण होत असेल तर गप्प बसू नका. तापाने फणफणलेल्या पोराला डॉक्टरकडे न नेता अंगारा लावून ठेवलाय, बाईला 'अंगात आलंय' म्हणून मारहाण होतेय, कर्ज काढून कुणा बाबाला पैसे दिले जातायत, अशा ठिकाणी "ज्याची त्याची श्रद्धा" म्हणून पुढे जाणं बरोबर नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर हेच सांगत राहिले की विरोध देवाधर्माला नाही, शोषणाला आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा आला. मत मांडणाऱ्या माणसाला गोळी घालून मत संपत नाही, हे आपल्या राज्याने पाहिलं आहे.

कसं बोलावं, याचा धडा मात्र गाडगेबाबांकडून घ्यावा. ते कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारायचे, त्यांच्याच वऱ्हाडी बोलीत. उत्तर लोकांच्या तोंडून निघायचं. सकाळी गाव झाडायचं आणि रात्री मनं. ऐकणाऱ्याला ते अडाणी ठरवत नसत, म्हणून नवसाचं बकरं कापणारा माणूसही त्यांच्यासमोर मांडी घालून बसायचा. तुम्हाला घरातल्या कुणाला काही पटवायचं असेल तर निवाडा देऊ नका, प्रश्न विचारा. आणि उत्तराची वाट बघा.

मोठ्या नावांबद्दलही एक सांगतो. रोज सकाळी फोनवर सुविचार येतात. खाली लिहिलेलं असतं वपु काळे, पु. ल. देशपांडे, नाहीतर तुकाराम महाराज. त्यातलं खरोखर त्यांचं किती, हे तपासायला कुणालाच सवड नसते. प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम'मध्ये शांताराम आठवले यांनी एक अभंग लिहिला, तो इतका जमला की अनेकांना वर्षानुवर्षं तो तुकोबांचाच वाटत राहिला. ते एका कवीचं यश होतं. आपण मात्र कुणाचीही वाक्यं कुणाच्याही नावावर खपवतो, कारण मोठं नाव खाली असलं की विचार करायचं काम राहत नाही. पुढे पाठवण्याआधी स्वतःला विचारा, खाली नाव नसतं तरी मला हे पटलं असतं का? पटलं असतं तर स्वतःच्या शब्दांत लिहा. दोन ओळी मोडक्या असतील, पण तुमच्या असतील.

आता रोजच्या जगण्यातली मतं. इथे मी थोडं कडक बोलणार आहे. कुणाचा रंग, कुणाचं वजन, कुणाचं लग्न, कुणाला मूल का नाही, ही मतं न विचारता देऊ नका. लग्नाच्या पंगतीत "किती वाळलीस गं" आणि "जरा सुटलास की रे" ही वाक्यं आपण प्रेमाने म्हणतो, असा आपला समज असतो. ऐकणारा ते वाक्य घरी घेऊन जातो आणि आरशासमोर परत ऐकतो. तिथे घास तुमच्या ताटातला नाहीच, मग मिठाचं कशाला बोलायचं?

मतभेद झाले की नातं तोडू नका. टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. पुढे समाजसुधारणेच्या प्रश्नावर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. दोघांनी एकमेकांवर कडक लिहिलं. १८९५ मध्ये आगरकर अकाली गेले तेव्हा टिळकांनी 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. इतक्या मोठ्या प्रश्नांवर भांडूनही जुनी मैत्री त्यांच्या मनातून गेली नव्हती. आपण एका सिनेमावरून, एका पुढाऱ्यावरून कुटुंबाच्या ग्रुपमधून बाहेर पडतो. फोन करा त्या चुलतभावाला. आधी तब्येत विचारा, मग हवं तर भांडा.

आणि सर्वांत शेवटी, मत देता देता एकदा मत विचाराही. हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडे होळीला पुरणपोळी होते. आईच्या हातची पोळी कडेपर्यंत पुरण भरलेली, तव्यावर टम्म फुगणारी. चाळीस वर्षं आम्ही तिला मतं दिली. यंदा वेलची जास्त झाली, गेल्या वेळी पुरण मऊ होतं, कटाची आमटी अजून झणझणीत हवी होती. घास घेऊन दिलेली मतं, म्हणजे तिच्या नियमात बसणारी. दोन वर्षांपूर्वी होळीला माझ्या मुलीने तिला सहज विचारलं, "आजी, तुला पुरणपोळी आवडते का साधी पोळी?" आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "मला गोड नाही गं आवडत फारसं. पुरण शिजायला लागलं की त्या वासानेच मला मळमळतं."

चुलीपाशी आम्ही चौघं उभे होतो. चाळीस वर्षांत हा प्रश्न तिला आमच्यापैकी कुणीच विचारला नव्हता. नवऱ्याने नाही, मुलांनी नाही. प्रत्येक होळीला ती सगळ्यांत शेवटी जेवायला बसायची आणि एक पोळी खायची, कारण सणाला पुरण खायचं असतं. मी विचारलं, "मग तुला काय आवडतं?" ती थोडा वेळ थांबली. हे तिला स्वतःलाही आठवावं लागलं. म्हणाली, "गरम भाकरी. आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल."

म्हणून माझं हे आवाहन. उद्यापासून सिनेमा बघून बोला, गाणं पूर्ण ऐकून बोला, तपासता येईल ते तपासून बोला, आणि दुसऱ्याच्या मनाचा आधार असेल तिथे जपून बोला. मत बदललं तर मोकळेपणी सांगा की बदललं. पण त्याआधी, आज रात्री जेवताना, घरात जे माणूस सगळ्यांना वाढतं आणि स्वतः कधी काही सांगत नाही, त्याला विचारा की तुला काय आवडतं. कुठलं गाणं, कुठला सिनेमा, कुठली भाजी. "तुम्हाला आवडेल ते" हे उत्तर पहिल्यांदा स्वीकारू नका. परत विचारा आणि थांबा.

यंदाच्या होळीला पोळ्या मी आणि माझ्या मुलीने लाटल्या. दोन फुटल्या. आईच्या पानात गरम भाकरी होती, ठेचा होता आणि वर कच्चं तेल. पहिला घास घेऊन ती म्हणाली, "मीठ बरोबर आहे."